चौदा नंबरचं पाणी

"चौदा नंबरला पुन्हा गारढोण पाणी!" मॅनेजरने फोन ठेवला. "मामा, परवा तपासणीवाल्या बाई येतायत. आणि नेमकी तीच खोली दिलीय त्यांना."

"बॉयलर पेटवू?"

"अहो, नको! धूर दिसला की खेळ खलास. पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळालं, तरच त्या मोठ्या कंपन्या पाहुणे पाठवणार. नाहीतर मालक एक मजला बंद करतायत." मॅनेजरने नजर चुकवली. "मिळालं की बॉयलर भंगारात. तुमचं... बघू काहीतरी."

या 'बघू'चा अर्थ मामांना चांगला ठाऊक होता. हॉटेलात सगळे त्यांना बॉयलरमामा म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. छत्तीस वर्षं भल्या पहाटे लाकडं सारून त्यांनी साठ खोल्यांना आंघोळीचं पाणी पुरवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी गच्चीवर सौर पॅनेल बसली, तसे मामा आणि बॉयलर दोघेही अडीअडचणीपुरते उरले. पण पॅनेलचं पाणी संध्याकाळी कढत असे आणि सकाळी गार. बसवणारे दोनदा येऊन डोकं खाजवून गेले होते.

"तुम्ही अजिबात मध्ये तडमडू नका," घरी बायकोने बजावलं. "पाणी गार आलं तरच तुमची गरज लागणार ना? हाताची घडी घालून बसा."

"बसतो की," मामा म्हणाले. बायकोचं म्हणणं त्यांना चक्क पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सवयीने ते उजाडायच्या आत हॉटेलात पोचले. चौदा नंबरच्या दारात एक म्हातारे पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून कुडकुडत उभे होते.

"अहो, एक बादली गरम पाणी मिळेल का हो?"

छत्तीस वर्षांत मामांकडे कुणाला गरम पाणी मागावं लागलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात पाणी तापवून त्यांनी स्वतः बादली नेऊन दिली आणि तडक गच्ची गाठली.

सूर्य उगवायचा होता, तरी पॅनेलचा पाइप हाताला कोमट लागला. मामा तिथेच थांबले. टाकी खाली, पॅनेल वर. रात्री पंप बंद झाला की गरम पाणी आपसूक वर चढत होतं, उघड्यावर निवत होतं आणि गार होऊन खाली येत होतं. पाणी उलटं फिरू न देणारी झडप बसवायलाच ते शहाणे विसरले होते.

तशी पितळी झडप बाजारातून मागवायची तर आठवडा गेला असता. हॉटेलात एकच होती, मामांच्या बॉयलरवर. ती काढली की बॉयलर पेटवता येणार नव्हता, अडीअडचणीलाही नाही.

पाना हातात घेऊन मामा अर्धा तास स्टुलावर बसून राहिले. बायकोचं बोलणं आठवत होतं, आणि तो कुडकुडणारा म्हाताराही. मग त्यांनी बॉयलरवरून एकदा हात फिरवला आणि झडप सोडवायला घेतली.

बाई तीन दिवस राहिल्या. पाणी तिन्ही सकाळी कढत होतं. महिनाभराने प्रमाणपत्र चौकटीत बसून काउंटरमागे लागलं. मॅनेजरने पॅनेलवाल्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं.

"झालं," मामा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

भंगारवाल्याने बॉयलर टेम्पोत चढवला आणि तो मागे वळला. "मामा, इथली झडप कुठाय? पितळी असते ना?"

"ती इथेच कामाला आहे," मामा म्हणाले.

टेम्पो गेला. मामांच्या दोन्ही हातांना काजळी लागली होती. कोपऱ्यातल्या नळाखाली त्यांनी हात धरले. सकाळचे सात वाजत होते. पाणी इतकं कढत होतं, की त्यांना थोडं गार मिसळून घ्यावं लागलं.