दगडावरची कोरी जागा

व्हर्लीन स्टिडमचं नाव झालं ते आईला मारून. गाण्यात मारून, पण मारूनच.

केंटकीच्या त्या डोंगरात नवरा गेला की कबरीवर दगड दोघांचा बसवतात. एका अंगाला गेलेल्याच्या दोन्ही तारखा, दुसऱ्या अंगाला मागे राहिलेलीचं नाव आणि जन्मसाल. त्यापुढची जागा कोरी. व्हर्लीनचा बाप डेल्मर खाणीत मेला तेव्हा तिच्या आईने, ओफाने, तसाच दगड बसवला. दर उन्हाळ्यात नवऱ्याच्या नावावरची धूळ पुसताना ती स्वतःच्या नावावरूनही फडकं मारायची. त्यात कुणालाच वावगं वाटत नसे.

त्यांची पोर व्हर्लीन गिटार घेऊन नॅशव्हिलला गेली आणि दारोदार जोडे झिजवत राहिली. गाणी बरी होती, पण बरी गाणी तिथे पैशाला पासरी. मग तिने त्या दगडावर गाणं लिहायला घेतलं. आधी खरं तेच लिहिलं: बाप मातीत, आई घरी वाट बघत. पण जिवंत आई घरात बसली की गाणं काही रडेना. शेवटी एका दुपारी व्हर्लीनने ती कोरी जागा भरून टाकली.

*एका दगडाखाली दोघंही निजली,*
*ओसरीवरची बत्ती कायमची विझली.*

रेडिओने ते गाणं उचलून धरलं. ट्रक हाकणारे दांडगे बाप्ये गाडी कडेला घेऊन रडले म्हणे.

"मेले तर मेले, रेडिओवर तरी आले!" ओफा फोनवर खिदळली. "पण बये, बत्ती विझली कशी म्हणतेस? रोज संध्याकाळी मीच तर लावते."

पुढे परमुलखातले लोक दगड शोधत यायला लागले. ओफाच्या नावाखाली फुलं ठेवून डोळे पुसत जायचे. ओफा ती फुलं उचलून घरी आणायची. म्हणायची, "माझीच तर आहेत, चोरी कसली?"

मग हळूहळू फोनवरच्या गप्पांचा रंग बदलला. ओफा सांगायची, दुकानातली पोरगी आता मान वर करत नाही. शेजारीण दारावरून तशीच पुढे जाते. आणि एका रविवारी देवळात पाद्रीबुवांनी गावातल्या मेलेल्यांची नावं वाचली, त्यात ओफाचंही वाचलं.

"मी पहिल्या बाकावर होते," ओफा म्हणाली. "म्हटलं, अहो, मी इथे बसलेय! एकानेही वळून पाहिलं नाही गं."

हे सांगतानाही ती हसली, पण हसू फार लांबून आल्यासारखं होतं. तरी त्याही रात्री व्हर्लीनने तेच गाणं म्हटलं. लोक त्याच्यासाठीच तर यायचे, आणि भरल्या ताटावरून उठायला कुणाला जमतं?

मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी ती गावी आली. आई ओसरीवर झोपाळ्यावर बसली होती. झोपाळा हलत होता, पण साखळी करकरत नव्हती. पायाशी निजलेला म्हातारा कुत्रा उठून व्हर्लीनकडे धावला. ओफाने त्याला हाक मारली, तर त्याने कानसुद्धा हलवला नाही. व्हर्लीनने आईचा हात धरला. मक्याच्या वाळल्या सालीइतका हलका लागला.

"जेवतेस ना गं?"

"रांधते सगळं. भूकच लागत नाही."

"आई, मी कडवं बदलते. आजच, सगळ्यांसमोर. तू आहेस म्हणून सांगते."

"लोकांना ओळखीचंच आवडतं, बाळा."

"लोक गेले खड्ड्यात!"

"खड्ड्यात जायचा नंबर माझा आहे," ओफा म्हणाली आणि पुन्हा हसली.

टेकडीवर कबरींना फुलांचे ढीग लागले होते. झाडाखालच्या टेबलांवर तळलेली कोंबडी, घेवडा, ओफाने सकाळी केलेला वाळल्या सफरचंदांचा केक. व्हर्लीनने दगडाजवळ घडीची खुर्ची मांडली आणि आईला तिच्यावर बसवलं. तेवढ्यात ओफाचा भाऊ आर्व्हिलमामा आला आणि त्याने आपली टोपी खुशाल त्या खुर्चीवर ठेवली.

"मामा, आई बसलीय तिथे!"

मामाने टोपी उचलली. त्याचे डोळे भरून आले. "बसलीय गं पोरी. ती कुठं जातेय आपल्याला सोडून?"

व्हर्लीनने घाईघाईने गिटार गळ्यात घातली. सगळे उठून उभे राहिले. शेवटचं कडवं आलं आणि तिने नवे शब्द लावले.

*एकटाच बाबा दगडाखाली निजला,*
*ओसरीवरचा दिवा नाही गं विझला.*

पण टेकडीभर लोक जुनंच गात होते. तिने आवाज चढवला. त्यांना वाटलं, बिचारीचा कंठ दाटलाय, आपण सांभाळून घेऊ. ते आणखी जोरात गाऊ लागले. तिने आईकडे पाहिलं. ओफाचे ओठ हलत होते, आणि तीसुद्धा जुनंच गात होती.

व्हर्लीन थांबली. सगळी टेकडी गप्प झाली.

"थांबलीस का?" ओफा हळूच म्हणाली. "लोक उभे आहेत बाळा. पुरं कर."

नाही म्हणायला हवं होतं. गिटार टाकून आईला मिठी मारायला हवी होती. पण लोक वाट बघतायत म्हटलं की व्हर्लीनचे हात आपोआप तारांवर जात, सगळं आयुष्य असंच गेलं होतं. तोंड उघडलं तर जुनंच कडवं बाहेर आलं. तिने ते डोळे मिटून शेवटपर्यंत म्हटलं. छान म्हटलं.

डोळे उघडले तर खुर्चीवर मामाची टोपी होती.

ती दगडाशी धावली. ओफाच्या जन्मसालापुढच्या कोऱ्या जागेत साल कोरलेलं होतं. ते गाणं रेडिओवर पहिल्यांदा वाजलं ते साल. नखाने खरवडून पाहिलं, तर आकड्यांच्या खाचांत शेवाळ होतं, जुनं, वाळून घट्ट बसलेलं.

मागे आर्व्हिलमामा केकचा तुकडा चघळत कुणाला तरी सांगत होता, "थेट ओफाच्या हातची चव. पोरीने बरोबर उचललीय."

"एकदा आणखी होऊ द्या, व्हर्लीनबाई!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

तिने हो म्हणून मान हलवली. या खेपेला नवंच म्हणणार होती, काही झालं तरी नवंच. तार छेडून ती शब्दांची वाट बघत राहिली. सकाळी स्वतः रचलेल्या त्या कडव्यातला एकही शब्द तिला आठवेना.

लोक उभे होते.