होल्गरचं नाक

ऑगस्ट संपत आला की आमच्या गावात आंबवलेल्या हेरिंग माशांचे डबे उघडतात. मासे आत इतके आंबलेले असतात की झाकणं टम्म फुगून येतात, आणि भोक पाडल्यावर जो दर्प सुटतो त्याने गल्लीतली मांजरंसुद्धा विचारात पडतात. खायला आम्हा सगळ्यांना आवडतं, डबा फोडायला मात्र कुणी पुढे होत नाही.

म्हणून शेजारच्या होल्गरला तीन वर्षं भलताच मान होता. एका हिवाळ्यात त्याला जबर सर्दी झाली आणि ती गेली ती त्याच्या नाकातला वास घेऊनच. बटाटा काय, केक काय, त्याला सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. जेवायला बसला की घड्याळाकडे बघत घास ढकलायचा. त्याची बायको गुनवोर म्हणायची, घरात नवरा आहे की भाडेकरू तेच कळत नाही. खुलायचा तो फक्त ऑगस्टात. ओपनर खिशात टाकून या अंगणातून त्या अंगणात फिरायचा, डबे फोडायचा आणि आमची पळापळ बघून हसायचा.

त्या वर्षी आम्ही गल्लीतल्याच सिक्स्टेनच्या अंगणात जमलो होतो. टेबलावर उकडलेले बटाटे, चिरलेला कांदा, पातळ पाव. होल्गरने तीन डबे फोडले. चौथ्याला ओपनर टोचला, फुस्स झालं, थोडं पाणी शर्टावर उडालं आणि तो थबकला.

"इथे काही मेलंय का?" त्याने विचारलं.

आम्ही हसलो. तो हसला नाही. वाकून त्याने सरळ डब्यालाच नाक लावलं. वर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या डब्यापाशी कुणाच्याही डोळ्यांतून वाहतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग त्याने कांदा हुंगला. शेपू हुंगली. कुत्र्याचा कान हुंगला. सिक्स्टेनचा स्वेटर, आत सिक्स्टेन असतानाच. याला ऊन लागलंय, असं सिक्स्टेन माझ्या कानात कुजबुजला. एवढ्यात होल्गर गुनवोरपाशी गेला आणि चारचौघांत त्याने तिच्या मानेत नाक खुपसलं.

"अरे, सगळे बघतायत."

"तू साबण बदललास."

गुनवोर म्हणाली, "दोन वर्षं झाली त्याला."

"मग सांगायचंस की."

"तुला सांगून काय करायचं होतं रे?" ती म्हणाली खरी, पण त्याचं डोकं तिने दूर केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावाला त्रास सुरू झाला. होल्गर लाकडाच्या ढिगाशी उकिडवा बसून बर्च कुठलं नि पाइन कुठलं ते डोळे मिटून ओळखायचा. वाचनालयातली जाड पुस्तकं उघडून नाकाशी धरायचा, वाचायचा मात्र एक ओळ नाही. घरी एकदा भांडण पेटलं, कारण तीन वर्षं त्याला सगळ्यात स्वस्त कॉफी मिळत होती आणि चांगलं पाकीट मी त्यांच्याकडे गेले की निघायचं, हे उघडकीला आलं. तासाभराने त्याने दोन्ही कॉफ्या शेजारी शेजारी करायला लावल्या आणि वाईट कॉफी जास्त कौतुकाने प्यायला. इतकी वाईट आहे आणि आपल्याला ते कळतंय, यातच त्याला मजा येत होती.

मग तो माझ्या घरी आला. दारातच थांबून म्हणाला, "तुझ्या घराला वेलदोड्याचा वास आहे. आणि ओल्या लोकरीचा."

चाळीस वर्षं मी इथे राहते. मी तीनदा आतबाहेर केलं, मला कसलाच वास आला नाही. रोजचा वास नाकाला कळत नाही, म्हणून त्याने मला लांब कुठेतरी जायला सांगितलं, किमान आठ दिवस. मीही वेडी, उमेओ शहरात बहिणीकडे जाऊन राहिले.

परत येऊन कुलूप काढलं आणि बॅग हातात धरूनच उभी राहिले. वेलदोडा होता. लोकर होती. त्याखाली आणखी काहीतरी होतं, ज्याला नाव देता येईना, पण ते माझंच होतं. दार उघडं राहिल्याचं लक्षात येताच पटकन लावून घेतलं, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

कुंपणापलीकडून होल्गरची हाक आली, "आला का गं?"

"आला," मी खिडकीतून म्हटलं. "आता बोलू नकोस. थोड्या वेळाने पुन्हा येईनासा होईल."

आणि कोट न काढताच खुर्चीवर बसले.