चष्म्याच्या स्क्रूवर टेकलेला काटा

मी एक जुना ऑइल प्रेशर मीटर आहे, आणि आयुष्यात मी एकदाही खोटं बोललेलो नाही. मित्रांनो, याचं श्रेय माझ्या शीलाला देऊ नका. इंजिनात तेलाचा दाब असेल तितकाच माझा काटा हलतो. एका काट्यात खोटं बोलायची सोय नसते.

माझी उमेदीची वर्षं एका जनरेटरवर गेली. तिथला ऑपरेटर सकाळी आधी माझ्याकडे बघायचा, मग चहाकडे. पुढे जनरेटर भंगारात निघाला आणि त्याच्याबरोबर मीही. तिथून मला एका चष्मेवाल्याने उचललं.

त्याला सासऱ्यांनी आपली जुनी मोटरसायकल दिली होती. देताना म्हणाले होते, "जावईबापू, हे इंजिन आजवर उघडलेलं नाही. तुमच्या हातून उघडायची वेळ येऊ देऊ नका." या एका वाक्याने बिचाऱ्याची झोप उडाली होती. म्हणून मी.

सुट्टीच्या दिवशी त्याने इंजिनाच्या तेलाच्या वाटेवर जोड बसवला, तिथून तांब्याची बारीक नळी हँडलपर्यंत आणली आणि माझ्या पाठीत घट्ट केली. बायको बॅटरी धरून उभी होती.

"अहो, आवळताय किती! बरणीचं झाकण आहे का ते?"

"तू उजेड नीट धर."

गाडी सुरू झाली. थंड तेल घट्ट असतं, माझा काटा झोकात वर गेला. चष्मेवाला हरखला. पण इंजिन तापलं की तेल पातळ होतं, आणि गाडी उभी असताना काटा खाली येतोच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हा मात्र प्रत्येक सिग्नलला घामाघूम.

"मीटरकडे बघायचंय की रस्त्याकडे, ते एकदा ठरवा!" बायको मागून ओरडायची.

शेवटी त्याने माझी काच काढली आणि चष्म्याच्या दांडीत घालतात तो इवलासा स्क्रू माझ्या तबकडीत पिळला, बरोबर काट्याच्या वाटेत. आता काटा मध्याच्या खाली येऊच शकत नव्हता. "झालं काम!" तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. जगाचे नंबर काढणाऱ्या माणसाने माझे डोळे फोडले, मित्रांनो.

त्या क्षणी मी ठरवलं: याचं इंजिन उघडलेलं मी पाहणार. हात नसलेल्याने सूड कसा घ्यायचा? वाट बघायची.

एके दिवशी सासरे मागे बसले होते. मला दाब ओसरताना कळला. मी सवयीने काटा खाली रेटला. तो स्क्रूवर टेकून थांबला. पूर्वी मी तळमळलो असतो. त्या दिवशी अंगात गोड शिरशिरी आली.

"जावईबापू, आवाज वेगळा येतोय."

"बाबा, मीटर बघा की! काटा कसा निवांत आहे."

दाब शून्यावर आला. मी आनंदाने बेभान झालो. खडाड्! इंजिन जाम झालं. सासरे खाली उतरले आणि एक शब्दही न बोलता पायी निघाले. इतकं देखणं मौन मी जनरेटर बंद पडल्यावरही ऐकलं नव्हतं.

इंजिन उघडलं गेलं. फळीवर पडल्या पडल्या मी मेकॅनिकच्या तोंडून माझं समर्थन ऐकायला आतुर होतो.

"तेल गेलं कुठून?" चष्मेवाल्याने खालमानेने विचारलं.

"या मीटरच्या नळीला चीर गेलीय. सगळं इथूनच."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांचं तोंड बंद करू नका, त्या मनात ठेवतात.

माझ्या जागी आता एक बूच आहे. गाडी छान चालते.