व्हर्नाबाई माझ्यात बसल्या तो शनिवार

मित्रांनो, गंजलेल्या जाळीचा, चार लाकडी पायांवर उभा असलेला मी एक जुना पिंजरा. माझ्यात बघण्यासारखे काही नाही. तरीही एका शनिवारी हॅलिफॅक्स शहराच्या भर रस्त्यात शेकडो माणसे माझ्याभोवती गोळा झाली होती. ती मला पाहायला आली नव्हती. माझ्या आत त्रेसष्ट वर्षांची एक बाई बसली होती आणि तिच्या अंगावर एकही कपडा नव्हता. त्या बाईबद्दल लोक पुढे पुष्कळ बोलले. हसून बोलले, चिडून बोलले. पण त्या वेळी तिच्या सगळ्यात जवळ मी होतो. म्हणून जे झाले ते मीच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म प्रिन्स एडवर्ड बेटावरचा. ऑल्डन गिलिस नावाचा शेतकरी तिथे बटाटे पिकवायचा आणि जोडीला कोल्हे पाळायचा. काळे कोल्हे, केसांची टोके तेवढी चंदेरी. त्यांच्या कातड्याचे कोट होत. एका हिवाळ्यात, शेत बर्फाखाली असताना, ऑल्डनने गोठ्यातल्या शेगडीपाशी बसून मला तयार केले. पक्कड घेऊन एकेक तार वळवली. बिजागऱ्या दोनदा तपासल्या. माझा तळही जाळीचाच केला, म्हणजे घाण खाली पडावी आणि झाडायचे कष्ट वाचावेत. शेवटी दारावर माझ्या क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला ठोकला. एकेचाळीस.

शेजारीपाजारी बघायला आले की माझी जाळी हलवून पाहत.

"ऑल्डन, तुझ्या पिंजऱ्यातनं वारासुद्धा विचारून बाहेर पडत असेल!" एकजण म्हणाला होता.

ऑल्डन हसला. मीही मनातून फुगलो. खोटे कशाला सांगू? माझ्यातून एकही कोल्हा कधी सुटला नाही, याचा मला कितीतरी वर्षे अभिमान वाटत असे.

कोल्ह्यांना खायला घालण्याचे काम ऑल्डनच्या बायकोचे, व्हर्नाबाईंचे. मासळीचे उरलेसुरले तुकडे आणि भरडा एकत्र कालवून त्या पहाटेच बादली घेऊन येत. प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबत, दोन शब्द बोलत. माझ्यात एक कोल्हीण होती. तिला त्यांनी टिली म्हणायला सुरुवात केली.

"नाव ठेवू नकोस गं," ऑल्डन म्हणायचा. "मग डिसेंबर आला की डोळे पुसत बसतेस."

डिसेंबरात काय होई ते तुम्हाला कळलेच असेल. त्या महिन्यात केस सगळ्यात दाट असतात. पण टिली पिल्ले देणारी होती, म्हणून तिला चार वर्षे ठेवले. त्या चार वर्षांत तिचा पाय मातीला लागला नाही. ती गोल फिरायची. सकाळी फिरायची, दुपारी फिरायची. फिरून फिरून माझ्या कोपऱ्यांतला जस्ताचा थर उडाला आणि तिथे तारा वेगळ्याच चकाकू लागल्या. लोकांना वाटे, चपळ आहे. मला मात्र तिच्या पंज्यांची धडधड आत कुठेतरी टोचत राही.

चौथ्या वसंतात तिला चार पिल्ले झाली. तिसऱ्या दिवशी एक विमान फार खालून गेले. टिली भेदरली आणि तिने स्वतःच्या पिल्लांना मारून टाकले. व्हर्नाबाई बादली घेऊन आल्या तेव्हा ती पुन्हा गोल फिरत होती.

"घाबरली, दुसरं काय," ऑल्डन म्हणाला. "विमानवाल्यांना पत्र लिहितो मी."

त्या डिसेंबरात टिलीचा नंबर लागला. ती ऑल्डनला चावायला येई, पण व्हर्नाबाईंच्या हाताला यायची. म्हणून त्यांनीच तिला माझ्यातून बाहेर काढले. मित्रांनो, ती त्यांच्या कोटात नाक खुपसून गप्प बसली होती. पुढचे मी पाहिले नाही. गोठ्याचे दार बंद होते.

त्यानंतर काही वर्षांनी ऑल्डनचे हृदय अचानक बंद पडले. मुलगा कीथ धंदा बघू लागला. त्याने कारखान्यातून तयार पिंजरे आणले आणि मला गोठ्यामागे टाकून दिले. सहा हिवाळ्यांचे बर्फ माझ्यावर पडले आणि वितळले. खाजकुइरी माझ्या जाळीतून वर आली. चांगले काम म्हणून ज्याचे कौतुक झाले होते, त्याच्याकडे आता कोणी ढुंकून बघत नव्हते.

एके दिवशी एक खिळखिळी व्हॅन येऊन थांबली. ओडेट नावाची चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी उतरली. कीथ बाहेरगावी गेला होता. व्हर्नाबाई तिला गोठ्यामागे घेऊन आल्या.

"काकू, खरं तेच सांगते," ओडेट म्हणाली. "निदर्शनासाठी हवाय पिंजरा. फरच्या दुकानासमोर ठेवणार आणि मी आत बसणार."

"बस की. त्यात काय."

"कपडे न घालता."

व्हर्नाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिले. "का गं? त्यानं कोल्ह्यांना ऊब मिळणार आहे का?"

ओडेटला हसू आले, पण लगेच गेले. "दोन वर्षं आम्ही कागद वाटले, काकू. लोक घेतात आणि कोपऱ्यावरच्या डब्यात टाकतात. अंगावर कपडे नसले की थांबतात तरी. आणि कातडं काढल्यावर जनावर कसं उघडं पडतं, ते दुसरं कसं दाखवू?"

"ते मी पाहिलंय. तू पाहिलंयस?"

"फोटोत."

व्हर्नाबाई माझ्यापाशी वाकल्या. मग त्यांनी स्वतः खाजकुइरी उपटली, हाताला फोड येतील याची पर्वा न करता, आणि माझी एक बाजू उचलून मला व्हॅनमध्ये चढवले. "फुकट घेऊन जा," म्हणाल्या. "पण कुठे बसणार, कधी बसणार, ते सांगून जा."

पहिल्या शनिवारी ओडेट बसली. नोव्हेंबरची बोचरी थंडी होती. ती डोके गुडघ्यांत घालून, अंग चोरून बसली होती. तिच्या मैत्रिणी कागद घेऊन उभ्या होत्या. लोक थांबले, ओडेट म्हणाली होती तसे. पण ते कसे थांबले ते ऐका. पुरुष कॅमेरे काढून पुढे सरकले.

"ए, जरा इकडे वळ की!"

"हिला खायला काय घालता हो? आमच्याकडे पाठवा!"

कागद कोणी वाचला नाही. रस्त्यापलीकडे निळा कोट घातलेली एक बाई उभी होती. बेटावरून पाच तास बसने आलेल्या व्हर्नाबाई.

सगळे पांगल्यावर ओडेट व्हॅनमध्ये घोंगडी गुंडाळून बसली. तिचे दात वाजत होते आणि ती रडत होती. मला मागे चढवले होते, त्यामुळे बोलणे सगळे ऐकू आले.

"पोरी, लोकांनी तुला पाहिलं," शेजारी येऊन बसत व्हर्नाबाई म्हणाल्या. "कोल्हा कुणाला दिसलाच नाही."

"मला कळत नाही का ते? पण दुसरं काय करू, काकू?"

"पुढच्या शनिवारी मी बसते."

ओडेटने घोंगडी आणखी घट्ट ओढली.

"बोल की. म्हातारीचे फोटो कोण काढणार, हेच ना मनात?"

"तसं नाही. थंडी फार असते."

"थंडीचं मला नको सांगूस. पंचवीस वर्षं पहाटे उठून खायला घातलंय मी त्यांना."

तो दुसरा शनिवार. व्हर्नाबाईंनी व्हॅनच्या आडोशाला कपडे उतरवले, नीट घड्या घालून ओडेटच्या हातात दिले आणि वाकून माझ्यात शिरल्या. त्यांचे अंग सैल पडले होते. पोटावर शस्त्रक्रियेची जुनी खूण होती. हाताला मनगटापर्यंत उन्हापावसाचा रंग आणि वर दुधासारखी पांढरी कातडी. माझे दार लागले तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. त्यांना लाज वाटत होती, मित्रांनो. त्यांच्या पाठीची थरथर माझ्या तारांना कळत होती आणि ती नुसती थंडीची नव्हती.

गर्दी जमली. आधी हशा पिकला.

"अहो आजी, कपडे घाला! पोरं घाबरतील!"

"म्हातारीला घरच्यांनी बाहेर काढलं वाटतं!"

व्हर्नाबाईंनी मान वर केली नाही. त्या हातांवर आणि गुडघ्यांवर आल्या आणि फिरू लागल्या. माझ्यात माणसाला फिरायला जागा नाही. खांदा जाळीला घासत होता, डोके आपटत होते, तरी त्या फिरत राहिल्या. एक फेरी, दुसरी, दहावी. गुडघ्यांवर तारांचे चौकोन उमटले, मग चौकोनांतून रक्त आले. हसणारे एकेक करून थांबले.

"थांबवा हो तिला कुणीतरी!" एक माणूस ओरडला.

तेव्हा व्हर्नाबाई बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्यांना ऐकू गेला. "ती चार वर्षं अशी फिरत होती. मी रोज तिला खायला घालत होते. आणि बाहेर मीच काढली."

गर्दीतून एक वयस्क बाई पुढे आली. तिच्या अंगावर काळाभोर कोट होता, केसांची टोके चंदेरी. तिचे डोळे भरून आले होते. तिने घाईघाईने कोट काढला आणि माझ्यावर, व्हर्नाबाईंच्या पाठीवर पडेल असा पांघरला.

"गारठून जाशील गं बाई," ती म्हणाली. "घे. घे ना."

ती मनापासून बोलत होती. तिच्या माणुसकीत काही खोट नव्हती. व्हर्नाबाईंनी जाळीतून बोटे घालून कोटाची कड चाचपली. त्यांच्या हाताला ते केस ओळखीचे होते.

"नको," त्या म्हणाल्या. "हा नको."

त्या बाईने कोट परत घेतला. ती तशीच उभी राहिली, पातळ झग्यात, कोट दोन्ही हातांवर घेऊन. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वारा वाढला. मग तिने हळूच, कोणाकडे न बघता, कोट पुन्हा अंगात घातला आणि ती निघून गेली.

थोड्या वेळाने पोलीस आले. "काकू, बाहेर या," त्यांतला तरुण शिपाई हळू आवाजात म्हणाला. पण व्हर्नाबाईंचे गुडघे आखडले होते. त्यांना दारातून वळता येईना. शेवटी शिपायाने पक्कड मागवली आणि माझ्या बिजागऱ्या तोडल्या. ज्यातून आजवर कोणी सुटले नव्हते ते दार तेव्हा उखडले. मला दुखले नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. त्यात व्हर्नाबाईंचे अंग होते, माझी जाळी होती. त्या काय बोलल्या ते कुठेच नव्हते. रेडिओवर आठवडाभर विनोद चालले.

गुडघ्यांच्या जखमा चिघळल्या, छातीत कफ भरला. दवाखान्यातून सुटल्यावर व्हर्नाबाई ओडेटकडे राहू लागल्या. मी तिथेच, गाड्यांच्या शेडमध्ये होतो. एका दुपारी कीथ आला. व्हर्नाबाई काठी टेकत शेडमध्ये आल्या.

"घरी चल, आई," तो म्हणाला. "पण पुन्हा असलं काही करायचं नाही."

"कोल्हे आहेत अजून?"

"आहेत. जातील कुठे?"

"मग मी कशी येऊ?"

"त्याच कोल्ह्यांवर वाढलो ना मी! माझे बूट, माझी शाळा, सगळं त्यातनंच. दुकानात गेलो की लोक बोलायचे थांबतात. असं नागडं बसायला लाज नाही वाटली तुला?"

"वाटली रे. अजून वाटते."

"मग?"

"दुसरं कुणी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, शहरातल्यांना काय कळतंय. मला तसं म्हणता येणार नाही तुला."

कीथने माझ्या तुटलेल्या बिजागरीवर अंगठा फिरवला. "बाबांनी केला होता हा."

"हो. फार चांगला केला होता."

तो गाडीकडे गेला. व्हर्नाबाई दारापर्यंत गेल्या, पण गाडी तोवर वळली होती. जिवंतपणी मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

तुम्हाला वाटेल, निदान ते फरचे दुकान तरी बंद झाले असेल. नाही झाले. दोन वर्षांनी कीथचा धंदा बंद पडला, पण तो कातड्यांचा भाव उतरल्यामुळे. उरलेले सगळे कोल्हे एकाच डिसेंबरात गेले. फोनवर ते कळल्यावर व्हर्नाबाई माझ्यापाशी खुर्ची टाकून अंधार पडेपर्यंत बसल्या होत्या. ओडेटने चहा आणला, तो तसाच गार झाला.

"काकू, आपण केलं त्याचा काही उपयोग झाला का?" तिने विचारले.

"मला नाही माहीत, पोरी," व्हर्नाबाई म्हणाल्या. "खरंच नाही माहीत."

पुढच्या वसंतात त्या गेल्या. कीथ येऊन त्यांना बेटावर घेऊन गेला. ओडेटने अंत्यविधीला येऊ नये, असा निरोप होता. ती गेली नाही. पुढे तिने शहर सोडले. सामान काढताना मला अंगणात ठेवले आणि एका भल्या माणसाने मला उचलून नेले. त्याने मला घासले, नव्या बिजागऱ्या लावल्या, नवी कडी बसवली. "मजबूत आहे हो," तो बायकोला म्हणाला. ते कौतुक ऐकून मला पूर्वीसारखे वाटले नाही.

आज माझ्यात एक पांढरा ससा आहे. या घरातली माणसे वाईट नाहीत. गाजर देतात, पाणी बदलतात. ससा अजून एका कोपऱ्यात बसून भराभर श्वास घेतो आहे. काल संध्याकाळी तो उठला आणि एक गोल फेरी मारून पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला.

मित्रांनो, व्हर्नाबाईंनी केले तसे तुम्ही करा, असे मी म्हणणार नाही. त्यांना ते फार महागात पडले. माझी विनंती लहानशी आहे. एखाद्या घरी, एखाद्या अंगणात माझ्यासारखा पिंजरा दिसला, तर तो किती भक्कम आहे ते पाहू नका. आत कोण आहे, ते नीट पाहा. मला कडी आहे, पण हात नाहीत. हात तुम्हाला आहेत.