खांदशेकणीचं आवतन

लढाईच्या दिवसांत अकोल्यातली आमची शाळा लष्करानं जखमी शिपायांच्या दवाखान्यासाठी घेतली. बाकांच्या जागी खाटा आल्या. फळ्यावर रोग्यांची पथ्यं लिहिली जाऊ लागली. तिथले कॅप्टन डॉक्टर मद्रासकडचे. त्यांना वऱ्हाडी कळत नसे, म्हणून मला दुभाष्या म्हणून बोलवत. त्या दवाखान्याचा इतिहास मी लिहावा असं आता काही जण सुचवतात. पण मला एकच दुपार नीट आठवते, आणि ती इतिहासात बसते की नाही, मला ठरवता येत नाही.

शेषराव तेल्हाऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्याच्या उजव्या खांद्यात गोळी शिरली होती. जखम भरली, पण हात वर जाईना. डॉक्टरांनी दोन महिने घरी जायची रजा देऊ केली, ती त्यानं नाकारली.

"मले पुण्याच्या पलटनीच्या डेपोत धाडा," तो म्हणाला. "बाप बैलाइसंग दिवसभर बोलते, मास्तर. माह्यासंग कधी धड बोलला नाही. भरती झालो तवा म्हणे, 'जा.' मंग गेलो."

पोळ्याच्या दिवशीच्या गाडीनं तो पुण्याला निघणार होता. एकदा गेला की गावाला मुकेल, असं मला वाटत होतं. बोलायचा धीर मात्र झाला नाही. मी फक्त त्याच्या घरी तो निघतोय असं कळवणारं एक कार्ड टाकलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचे वडील खुशालराव आले. चिखलानं भरलेले पाय, काखेत गाठोडं. शेषरावानं भिंतीकडे तोंड केलं.

"काऊन आले तुमी? आज बैलाइची खांदशेकणी हाय."

"गडी शेकन."

शेषराव वळून बघू लागला. बैलांच्या खांद्याला बापानं आजवर गड्याचा हात लागू दिला नव्हता.

"पवळ्या बैल मारते त्याले," तो म्हणाला.

"मारू दे."

खुशालरावांनी गाठोडं सोडलं. पळसाची पानं, तुपात कालवलेली हळद. मला म्हणाले, "मास्तर, जरा गरम पानी भेटन काय?"

नर्सबाईंनी हरकत घेतली. मी डॉक्टरांना जमेल तसं समजावलं, की पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे वर्षभर जू वाहिलेले खांदे शेकतात. ते म्हणाले, "जखम बंद आहे. शेकू द्या. मी महिनाभर हेच सांगतोय."

खुशालरावांनी हळद-तूप लावलं आणि ते पानं कोमट पाण्यात बुडवून खांद्यावरून फिरवू लागले. वणाशी हात थांबला. मग ते बैलांना म्हणतात तेच पुटपुटले,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरात घातलेला साताऱ्याकडचा शिपाई होता. तो खो खो हसला. "आवं बाबा, ते बैलाला म्हणत्यात! पोराला न्हाई!"

"मले तेवढंच येते," खुशालराव म्हणाले.

शेषराव उठून बसला. खांद्यावरून पिवळं पाणी ओघळून चादरीला लागलं. नर्सबाईंनी ते पाहिलं आणि त्या दुसरीकडे गेल्या.

"पुरन घातलं काय मायनं?" शेषरावानं विचारलं.

"आवतन आलेल्यानं सैपाक इचारू नाही."

"अन् पवळ्यानं गड्याले मारलं असन तं?"

"तं उद्या तू सजवजो त्याले."

शेषरावानं सदरा ओढला. बाही घालायला बाप पुढे झाला, पण त्यानं डाव्या हातानं थांबवलं. उजवा हात त्यानं स्वतःच उचलला. छातीपर्यंत गेला, तिथं अडकला. मग बाकीची बाही बापानं चढवली.

रजेच्या कागदासाठी डॉक्टरांनी मला विचारलं, म्हातारा असं काय म्हणाला? मी इंग्रजीत दोनदा जुळवून पाहिलं. शेवटी 'रोगी घरी जायला तयार आहे' एवढंच लिहून दिलं. त्याहून बरं आजही सुचत नाही.