दाराबाहेर राहिलेली झेंडी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी झेंडी आहे. माझा रंग आता उडाला आहे. माझ्या बांबूच्या काठीवर एक जागा मात्र अजून गुळगुळीत आहे. ती शिगेयोशीच्या मुठीने झाली. शिगेयोशी हा उत्तर जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यातला भातशेती करणारा माणूस. त्याची मूठ काठीवर नसली की मला करमत नाही.

मला शिवले त्याच्या बायकोने, सायोकोने. शाळेसमोरच्या रस्त्याने लाकडांनी भरलेले ट्रक धडधडत जात. पोरांना रस्ता ओलांडून द्यायला कोणीतरी हवे होते. शिगेयोशी म्हणाला, "मी उभा राहीन." सायोकोने पिवळे कापड आणले, कडेला दुहेरी टीप घातली आणि नवऱ्याला बजावले, "पाऊस आला की आधी हिला आत घ्यायचं. ओलीच गुंडाळून ठेवलीत तर कुजेल."

त्याने ते शब्द गाठीला बांधले.

रोज सकाळी तो मला रस्त्यात आडवी धरी. ट्रक थांबत. पिवळ्या टोप्या घातलेली पोरे माझ्यासमोरून पळत जात. त्यांत त्याची मुलगी चिहारुही असे. बाप असला तरी इतरांसारखीच वाकून ती "येते हं!" म्हणे आणि पलीकडे गेल्यावर एकदा मागे वळून बघे. तिचे ते वळून बघणे मला फार आवडे.

मग पोरे कमी होत गेली. माणसे कामधंद्यासाठी शहराकडे निघाली, त्यांच्यामागून पोरेही गेली. शेवटी एकच मुलगी उरली. तिच्या एकटीसाठीही शिगेयोशी ट्रक थांबवी. तीही मोठ्या शाळेत गेली आणि आमच्या शाळेला कुलूप लागले. चिहारु सेंदाई शहरात नोकरीला लागली होती. पुढे सायोको वारली. मी दारामागे छत्र्यांच्या शेजारी उभी राहिले. मित्रांनो, कापडालाही आठवण येते. फटीतून वारा आला की मला पोरांची पावले ऐकू आल्यासारखी वाटत. पण काठी उचलायला कोणी येत नसे.

एका वर्षी गावाने एक नियम केला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी सकाळी उठल्यावर दाराबाहेर पिवळी झेंडी लावायची आणि अंधार पडायच्या आत काढायची. झेंडी दिसली की शेजाऱ्यांनी समजायचे, माणूस बरा आहे. सगळ्यांना नव्या चकचकीत झेंड्या वाटल्या. शिगेयोशीने घेतली नाही. म्हणाला, "माझ्याकडे आहे. बायकोच्या हातची."

असे मला पुन्हा काम मिळाले.

समोर तोकुए राहत असे. ती लहानपणी त्याच्याच वर्गात होती, आणि आता त्याच्यासारखीच एकटी होती. सकाळी तिचे दार सरकले की तिचा आवाज येई.

"काय रे शिगे, आहेस का अजून?"

"आहे. तुझी झेंडी कुठाय?"

"अगंबाई, कालची आत घ्यायची राहिलीच! ती बघ, रात्रभर बाहेरच."

"म्हणजे रात्री मेलीस तरी सकाळी आम्ही म्हणायचं, म्हातारी ठणठणीत आहे!"

"मेले तर आधी तुलाच सांगायला येईन, काळजी नको करूस."

थंडीच्या तोंडाशी आमच्याकडे लोणच्यासाठी पांढरे मुळे वाळवायला टांगतात. त्या दुपारी शिगेयोशी मुळ्यांच्या माळा बांधायला घरामागे गेला. मी पुढच्या खांबाला होते. आभाळ भरून आले. दिवस कलला, पाऊस सुरू झाला, त्यात बर्फाचे कण मिसळले. मी चिंब भिजले. इतक्या वर्षांत त्याने मला कधी पावसात ठेवले नव्हते. मी पावलांची वाट पाहत राहिले. पावले आली नाहीत.

रॉकेलवाला तोकुएच्या दारात डबा उतरवत होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "झेंडी आहे, म्हणजे आजोबा मजेत दिसतात. आत घ्यायला विसरले असतील. वय झालं आता."

"विसरते ती मी," तोकुए म्हणाली. मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "शिगे? पावसात? अरे, तो स्वतः भिजेल, पण हिला भिजू देणार नाही!"

ती छत्रीही न घेता धावली. तिने मला खांबावरून उपसून घेतले. "शिगे! ए शिगे!" घरात कोणी नव्हते. ती मागे गेली. मुळ्यांच्या ढिगाशेजारी तो पडला होता. तोंड एका बाजूला वाकडे झाले होते. ओठ निळे पडले होते. तोकुए अशी काही ओरडली, की रॉकेलवाला डबा टाकून पळत आला.

रुग्णवाहिकेत ती मला हातात धरूनच बसली.

"आजी, ही ओली झेंडी खाली ठेवा ना," परिचारिका म्हणाली.

"नाही ठेवणार. एकदा बाहेर राहिली तेवढं पुरे झालं."

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणले म्हणून औषध देता आले. आता वाट बघायची.

सेंदाईहून चिहारु आली ती ऑफिसच्या कपड्यांतच. "काकू, मी परवाच फोन केला होता हो. मुळे चांगले आलेत म्हणत होते." एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बापाचा हात हातात घेऊन बसली. पाणीही घेईना.

सकाळी त्याने डोळे उघडले. नजर छतावर फिरली, मुलीवर आली. जीभ जड झाली होती.

"झें... झेंडी..."

"काय बाबा? काय हवंय?"

"झेंडी... आत... घेतली का?"

चिहारु हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले. तोकुएने मला त्याच्या तोंडासमोर नाचवले. "घेतली रे बाबा, घेतली! मुळ्यांत मुळ्यासारखा पडला होतास, आणि काळजी कुणाची, तर झेंडीची!" त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसली. मग चिहारु डोळे पुसत म्हणाली, "काकू, मला भूक लागली आहे." रॉकेलवाल्याच्या बायकोने भाताचे गोळे बांधून पाठवले होते. दोघींनी ते तिथेच खाल्ले.

पण मित्रांनो, तो जगला तरी घरी परतला नाही. डावा हात उचलत नव्हता, एकटे राहणे शक्य नव्हते. चिहारु त्याला सेंदाईला घेऊन गेली. मी तोकुएकडे राहिले. तिने मला वाळवले, घडी करून ठेवले, पण बाहेर कधी लावले नाही. म्हणायची, "घरात माणूस नसताना झेंडी लावणं म्हणजे खोटं बोलणं." हिवाळाभर रोज सकाळी तिचे दार सरकायचे. सवयीने आवाज यायचा, "काय रे शिगे..." मग ती थांबायची आणि दार हळूच लावून घ्यायची.

बर्फ वितळल्यावर तिने मुळ्याच्या लोणच्याबरोबर मला सेंदाईला पाठवून दिले.

आता मी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत असते. माझा अर्थ इथे कोणाला ठाऊक नाही. तरी शिगेयोशी रोज उजव्या हाताने मला लावतो, आणि लगेच फोन वाजतो.

"लावलीस का रे?"

"लावली. तुझी?"

"लावली. आणि संध्याकाळी आत घेते हल्ली, कुणालाही विचार!"

थोड्या वेळाने चिहारु कामावर निघते. खालचा रस्ता ओलांडते आणि पलीकडे गेल्यावर वळून वर बघते. तेव्हा तो मला काढून कठड्यावरून आडवी धरतो, पूर्वीसारखी. ती वाकते आणि निघून जाते. मग मला पुन्हा लावून तो बराच वेळ उत्तरेकडे, गावाच्या दिशेने बघत उभा राहतो. इथून आमचे डोंगर दिसत नाहीत. मलाही दिसत नाहीत.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. तुमच्या वाटेवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे दार असेल. तिथे रोज आत जाणारी वस्तू कधी बाहेर राहिलेली दिसली, तर "विसरले असतील" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, हाक मारा.

आता ढग आले आहेत. आत खुर्ची सरकली, काठी टेकल्याचा आवाज आला. तो येतो आहे, मला आत घ्यायला.