नळाखाली भिजलेली ट्यूब

मी ट्रकच्या मागच्या चाकातली ट्यूब बोलतेय. आता मी चाकात नाही, अख्खी ट्यूबही राहिले नाही, पण बोलायची खोड काही गेली नाही. जन्मभर हवा भरून घेतलेली मी, थोडं फुगवून बोलले तर सांभाळून घ्या.

माझं तारुण्य ओझ्याखाली गेलं. हजीऱ्याहून लोखंडाच्या सळ्या आणायच्या, हंगाम आला की बारडोलीच्या साखर कारखान्यावर ऊस पोचवायचा. वाटेत खिळा रुतला की ड्रायव्हर शिव्या द्यायचा तो मला. खिळ्याला कधी कोणी काही बोललं नाही. होता होता अंगावर इतकी ठिगळं चढली, की मालकाने मला सुरतेतल्या नवागामच्या भगवान पंक्चरवाल्याकडे टाकून दिलं. तिथे कोपऱ्यात धूळ खात पडले होते, तेव्हा सुकदेव आला.

सुकदेव खानदेशातल्या पारोळ्याकडचा. बारा वर्षं सुरतेत लूमच्या कारखान्यात साड्यांचं कापड विणत होता. दिवसभर त्या खडखडाटात राहिल्यामुळे घरीही ओरडूनच बोलायचा, त्यामुळे त्याने मारलेली थाप सगळ्या गल्लीला ऐकू जायची.

"भगवानभाऊ, ही ट्यूब दे. पोरांना दरियावर न्यायचंय, पोहायला."

भगवानने एका चहावर मला देऊन टाकलं. किंमत ऐकून अपमान वाटला, पण मन हरखूनही गेलं. लोखंड वाहिलं, ऊस वाहिला, आता लेकरं वाहायची!

कसलं काय! पहिल्याच सुट्टीला सुकदेवने मला गल्लीतल्या नळाखाली धरलं, नखशिखान्त भिजवलं, वरून मूठभर रेती चोळली आणि दाराबाहेरच्या खिळ्याला लटकवलं. जाता-येता लोक विचारायचे, "दरियावर गेलतास का?"

"आत्ताच आलो," सुकदेव कपाळ पुसत म्हणायचा. "आज लाटा काय होत्या म्हणून सांगू!"

म्हणजे मी समुद्रावर जाणार नव्हते, जाऊन आल्याचा पुरावा म्हणून लटकणार होते. सुकदेवने स्वतः समुद्र बघितलाच नव्हता. बारा तासांची पाळी, आठवड्याची एक सुट्टी, आणि ती झोपेत जायची. ते सरळ सांगितलं असतं तर कोणी फाशी दिलं नसतं. पण गावी लग्नाकार्याला गेल्यावर 'सुरत म्हणजे काय' हे सांगायची जबाबदारी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि दर लग्नात समुद्र त्याच्या घराच्या जास्त जास्त जवळ येत गेला.

मे महिन्याच्या सुट्टीत पोरांची करमणूक तो फुकटात करायचा. दहा वर्षांची गायत्री आणि धाकटा कुंदन यांना घेऊन रिंगरोडच्या कापड मार्केटात जायचा आणि लिफ्टमधून वर-खाली फिरवायचा, वॉचमन हाकलेपर्यंत. हाकललं की शेजारच्या मार्केटात जायचं, तिथली लिफ्ट जास्त गार. कधी स्टेशनवर नेऊन जाणाऱ्या गाड्यांना हात हलवायला लावायचा. त्यांची आई मालतीबाई घरी थापायची त्याच भाकरी थापून, तोच ठेचा बांधून, दुसऱ्या जागी बसून सगळ्यांना वाढायची. घरी आल्यावर भांडी तीच घासायची. याला सहल म्हणतात, असं तिला सांगण्यात आलं होतं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरत झाडून-पुसून लख्ख झाली, गावाकडच्यांची भीती गेली, आणि एका मे महिन्यात मालतीबाईचा भाऊ निंबा बायको मंदा आणि दोन पोरींसह दारात उभा राहिला. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाला, "दाजी, आते समुद्र दखाडा!"

सुकदेवचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला. बारा वर्षांची इज्जत आता पणाला लागली होती, तीही साल्यासमोर. दोन दिवस त्याने ऊन लागेल, बसला गर्दी असते, असं सांगून ढकलले. तिसऱ्या दिवशी त्याची सुट्टी आली आणि सबबी संपल्या.

निघण्याआधी त्याने पोरांना मोरीजवळ नेऊन पढवलं. "मामाने विचारलं तर काय सांगायचं? पाणी खारं असतं. लाट आली की पळायचं. आणि इकडे-तिकडे बघत बसू नका, नवख्यासारखे!"

हवा भरायला मला भगवानकडे नेलं. फुगले ती एवढी, की दारातून बाहेर पडणं मुश्किल झालं. डुमसच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, "आनी टिकिट कोण लेशे?" सुकदेवने माझ्यात दोन पोरींना बसवलं आणि मी खुर्ची असल्याचं सांगितलं. मला त्या दिवशी काहीही चाललं असतं. मी समुद्रावर निघाले होते.

पोचलो. काळी वाळू होती, भज्यांच्या गाड्या होत्या, नारळवाले होते. पुढे नजर जाईल तिथवर चिखलच चिखल. समुद्र नव्हता.

सगळे ओळीने उभे राहून चिखलाकडे बघू लागले. कुंदनला पढवलेलं आठवलं. तो घाईघाईने म्हणाला, "मामा, पाणी खारं असतं!"

"कोठे शे पानी?" निंबाच्या धाकटीने विचारलं.

खानदेशातल्या माणसाला नदी आटते हे माहीत. समुद्र मागे जातो हे त्याला कोणी सांगितलं असणार? पण हार मानेल तर तो सुकदेव कसला! सुरतेत विजेच्या टंचाईपायी उधन्यासारख्या एकेका भागातले लूम वेगवेगळ्या वारी बंद असतात. त्याला तेच आठवलं.

"आज त्याले सुट्टी शे," तो छाती काढून म्हणाला. "आठे असंच ऱ्हास. उधन्याले मंगळवार, तसा आठे आजना वार."

मंदाने पदर तोंडाला लावला. निंबा गंभीरपणे मान हलवत राहिला. तेवढ्यात भजीवाला ओरडला, "अरे भाई, ओट छे! बेसो थोडी वार, भरती आवशे."

"तेच सांगत होतो," सुकदेव म्हणाला.

मग भाकरी सुटल्या. भजी आली. उन्हं कलली, आणि दूरवर चिखलाच्या टोकाला एक रेघ हलली. बघता बघता ती रेघ आवाज करू लागली. पाणी आलं हो! चारी पोरं ओरडत धावली. मालतीबाईने लुगडं वर खोचलं आणि चप्पल काढली.

"तुम्ही तं रोज देखतस," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग आज चपला सांभाळा."

आणि ती गेली. मला डोक्यावर घेऊन गेली! आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यावर आडवी झाले आणि माझ्या मधोमध मालतीबाई बसली. कोणाला काही वाढायचं नव्हतं. एक लाट आली, दोघी उचलल्या गेलो, आणि ती पोरीसारखी किंचाळून हसली. खरं सांगते, मला भरून आलं.

वर सुकदेव चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता, समुद्राकडे पाठ करून. रोज बघणारा माणूस कसा बसेल, तसा. पाठीमागे एवढं गडगडत होतं, त्याची बायको हसत होती, पोरं हाका मारत होती, आणि तो भज्यांच्या गाडीकडे टक लावून बघत होता. मला त्याचा राग होता, पण त्या क्षणी त्याची फार कीव आली.

शेवटी त्याने मान वळवली. जरा बघून परत फिरवणार होता, पण फिरेना. तो उठला. चपला दोन्ही हातांत धरून, पँट न दुमडता, सरळ पाण्यात चालत आला. गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. तोंड उघडंच.

"निंबा," तो म्हणाला, आणि त्याला पहिल्यांदाच मी हळू बोलताना ऐकलं. "मीबी पहिल्यांदाच देखी ऱ्हायनू."

"माले माहीत शे, दाजी. ताईनी कवयच सांगी टाकं." निंबाने त्याच्या हातातल्या चपला काढून घेतल्या. "समुद्र देखाले नही उनूत आम्ही. तुमनं तोंड देखाले उनूत."

तीन उन्हाळे मी लेकरं वाहिली. मग एक ठिगळ असं सुटलं की भगवाननेही हात जोडले. माझे पट्टे कापले गेले. एकाने सुकदेवच्या सायकलला डबा बांधलेला असतो, दुसऱ्याने मालतीबाईने खिडकी आवळली आहे. माझी तक्रार नाही.

आता सुट्ट्या लागतील, तुम्ही पोरांना घेऊन कुठेतरी निघाल. जरूर जा, भाकरी बांधून जा, लिफ्टमध्ये बसवा. फक्त आधी तिथे जाऊन आल्याचा आव आणू नका. नाहीतर एवढा मोठा समुद्र समोर येतो आणि त्याच्याकडे पाठ करून बसावं लागतं.